ओटागोच्या रेल ट्रेलवर जाताय? या चुका टाळा

लेक-जावई न्यूझीलंडला असले की इंदूरचे आई-बाबा कधी ना कधी तिकडे जातात, आणि तिथे कुणीतरी सुचवतं, "ओटागो सेंट्रल रेल ट्रेल कराच. जुन्या रेल्वेचा रस्ता, अगदी सपाट!" पहिली फसगत या 'अगदी सपाट'मध्येच आहे.

क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर. १९९० मध्ये गाडी बंद झाली, रूळ निघाले आणि २००० साली हा खडीचा मार्ग सायकलवाल्यांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी पूर्ण खुला झाला. चढ कुठेही १:५० पेक्षा, म्हणजे पन्नास मीटरांत एक मीटरपेक्षा, जास्त नाही. आपला महूजवळचा पाताळपाणी-कालाकुंड रेल्वे घाट १:४० चा, म्हणजे याहून तीव्र आहे. पण एवढासा चढ डोळ्यांना दिसतच नाही. क्लाइडहून निघालात तर निम्म्याच्या जरा अलीकडे ६१८ मीटरांची सर्वांत उंच जागा येते. तिथवर अधूनमधून उतार मिळतो, तरी एकंदरीत चढणच. त्यात समोरून वारा असला की माणूस उतरून चाक फिरवून बघतो, ब्रेक घासतोय की काय! ब्रेक ठीक असतो. गिअर हलका करा, पाय एका लयीत फिरू द्या आणि त्या दिवसाचं अंतर कमी धरा. तीन दिवसांत उरकण्यापेक्षा चार-पाच दिवस केव्हाही बरे.

खरा त्रास मात्र पायांना होत नाही, बैठकीला होतो. घाटात आपण चढाला उभे राहतो, उतारावर सीटवरून उठतो, अंग आपोआप मोकळं होतं. इथे तासन्‌तास एकाच जागी बसून पेडल मारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर टेकवत नाही, मग लोक जेलचं जाड कव्हर शोधत फिरतात. त्याने बहुधा आणखी बिघडतं, कारण हाडं मऊ गादीत रुततात आणि घर्षण वाढतं. पॅडवाली शॉर्ट्स घ्या, तिच्या आत दुसरं काही घालू नका आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी मुद्दाम पेडलवर उभे राहा. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं पुढचं टोक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर सगळा भार मनगटांवर येतो. टायर दगडासारखा टणक असेल तर थोडी हवा सोडा. खडीवर फरक लगेच कळतो.

सराव फक्त इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या डांबरावर केला तर यातलं काहीच आधी लक्षात येत नाही. महूच्या पुढे कच्च्या रस्त्यांना तोटा नाही, तिकडे जा. पाताळपाणीच्या रुळांवर मात्र नको. ती अजून रेल्वेची हद्द आहे, २०१८ पासून तिथे हेरिटेज गाडी धावते, आणि रुळांवरून विनापरवाना चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. रीलसाठी तिथे उभं राहणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

मे-जूनच्या सुट्टीचं बुकिंग करू नका, तेव्हा तिथे थंडी सुरू होते. वाटेवरच्या रॅनफर्लीत जुलै १९०३ मध्ये उणे २५.६ अंशांची नोंद आहे. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

सायकल जमत नसेल तर सगळे १५२ किलोमीटर चालायचा हट्ट नको; लांबच लांब सरळ, सावलीविना रस्ता कंटाळवाणा होतो. लॉडर ते ऑरिपो एवढाच तुकडा चाला, पूलबर्न घळीतले दोन बोगदे आणि उंच पूल त्यातच येतात. बोगद्यांत दिवे नाहीत आणि ते सुमारे २०० मीटर लांब आहेत, म्हणून हातात टॉर्च हवाच. मोबाइलच्या उजेडात खालची खडी नीट दिसत नाही. सायकलवाल्यांनीही तिथे उतरून चालावं. हेल्मेट तर त्या देशात कायद्यानेच सक्तीचं आहे.

आणि सामान भरताना बुटांचे तळवे बघा. सरावात चिकटलेली माळव्याची काळी माती वाळली की खाचांमध्ये सिमेंटसारखी बसते. जुना टूथब्रश घेऊन ती पूर्ण काढा. वापरलेले बूट, सायकल आणि खाण्याचा प्रत्येक डबा न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या प्रवासी घोषणापत्रात जाहीर करावा लागतो. लसूण शेवेचं पाकीट 'त्यात काय सांगायचं' म्हणून लपवलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. जाहीर केलं आणि नेऊ दिलं नाही, तर फक्त शेव जाते.