मागच्या घरापर्यंत नेट न्यायचंय? मग तांबं की फायबर, आधी एवढं वाचा

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, पुढे रस्ता, मागे कुळागर (पोफळी-माडांची बाग), आणि कुळागराच्या त्या टोकाला आजोबांच्या वेळचं दोन खोल्यांचं कौलारू घर, जे हल्ली आम्ही डागडुजी करून पाहुण्यांना देतो. राउटर इकडे आणि पाहुणे तिकडे. जांभ्याच्या जाड भिंती, त्यामुळे वायफाय बाल्कांवच्या (दारापुढच्या पडवीच्या) पायरीपर्यंतसुद्धा धड येत नाही, आणि हल्ली पाहुणे आल्या आल्या पाणी नंतर मागतात, आधी पासवर्ड.

मी पहिल्यांदा जे केलं ते करू नका. कॅट-६ केबलचा (नेटच्या तांब्याच्या केबलची एक जात) ३०५ मीटरचा बॉक्स आणला, मोजमाप वगैरे काही नाही, पोफळींना टाय मारत मारत केबल नेली आणि त्या टोकाला नेटवर्क स्विच (एका केबलचं नेट अनेकांना वाटणारा डबा) आणि एक कॅमेरा लावून मोकळा झालो. चार महिने चाललं कसंबसं. मे संपता संपता एका रात्री गडगडाट झाला, वीज आमच्यावर पडली पण नाही, पलीकडे डोंगरात कुठेतरी पडली, तरी सकाळी कॅमेरा गेला, स्विच गेला आणि इकडच्या राउटरचा एक पोर्टही गेला. काका म्हणाले, "अरे पोफळींवर एवढी लांब तार ओढलीस, तर ती वीज नाही ओढणार तर काय करणार?" आणि काका बीएसएनएलमध्ये नव्हते हां, शेतकरी माणूस.

तर आता माझा हिशोब साधा आहे. एकाच छपराखाली असेल तर तांब्याची केबल, एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जायचं असेल तर फायबर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची तार. अंतर कमी असलं तरी. दोन घरांची अर्थिंग वेगळी असते, वीज जवळपास पडली की दोन्हीकडच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक होतो आणि तो फरक तुमच्या केबलमधून वाट काढतो. काचेतून करंट जातच नाही, विषय संपला.

लोकांना वाटतं फायबर म्हणजे प्रकाश, म्हणजे लय फास्ट. तसं नाही. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो आणि चांगल्या तांब्याच्या केबलमधला सिग्नलही जवळजवळ तेवढ्याच वेगाने जातो. फरक आहे तो दमाचा. तांब्यात सिग्नल लवकर थकतो, म्हणून इथरनेटला १०० मीटरची मर्यादा (भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड, म्हणजे टोकाच्या छोट्या केबली, मिळून १०), आणि काचेत तो किलोमीटरच्या किलोमीटर जातो, तुमच्या घरी येणारं फायबर कनेक्शन बहुतेक जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) असतं आणि ते २० किलोमीटरपर्यंत चालतं. घरातल्या घरात १ जीबीपीएस म्हणजे १ जीबीपीएसच, तो तांब्यावरून आला काय आणि काचेतून आला काय, पिक्चर तेवढाच क्लिअर दिसणार.

म्हणून पहिलं काम मोजणं. पावलं मोजू नका, टेप घ्या, आणि केबल भिंतीवर चढते, वळसा घेते, खिडकीवरून फिरते हे धरून वर १० मीटर जास्तीचे धरा. आमचं अंतर नंतर मोजलं तर १४० निघालं, म्हणजे पहिल्या दिवसापासून मी मर्यादेच्या बाहेरच होतो आणि कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो.

आता घरातल्या तांब्याचं. केबलच्या आत आठ तारा, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पिळलेली. हा पीळ शोभेसाठी नाही. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल असतो, बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनसाठी ही युक्ती पेटंट केली होती, अजून तीच चालू आहे. म्हणून क्रिम्प करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) पीळ जितका कमी उलगडाल तितकं बरं, अर्ध्या इंचाच्या वर नको.

साध्या घराला कॅट-५ई पुरते, १ जीबीपीएस १०० मीटर देते. नवीन वायरिंग करताय तर कॅट-६ घाला, त्यावर १० जीबीपीएससुद्धा ५५ मीटरपर्यंत जातं, आणि पूर्ण १०० मीटर १० जीबीपीएस हवं असेल तर कॅट-६ए, जी जाड आणि हट्टी असते, पाइपात ओढताना घाम काढते. मी तरी घरासाठी घेणार नाही.

खरी फसवणूक होते ती दुकानात. स्वस्त बॉक्सवर कुठेतरी बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. एक तार सोलून ब्लेडने खरवडा, आत पांढरं चकाकलं की ॲल्युमिनियम. ती दोनदा वाकवली की तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला पॉवर द्यायला गेलात की गरम होते. दुकानदार "सगळे हीच नेतात" म्हणेल, म्हणू दे.

क्रिम्पिंगचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची क्लिप मागे, केबल खाली आणि सोन्याच्या पिना तुमच्या समोर धरल्या की डावीकडून हा क्रम. सगळं करून नेट चालतंय पण स्पीड ९५ च्या वर जाईना, असं झालं तर प्लॅन वाढवायला धावू नका. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात (१-२ आणि ३-६), गिगाबिटला (१ जीबीपीएसला) चारही, म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी नीट बसलेली नाही. माझ्या वहिनीच्या कॉम्प्युटरचं दोन वर्षं हेच होतं. कनेक्टर कापून नवीन मारला, पाच मिनिटांचं काम.

तांब्याचा एक मोठा फायदा फायबरकडे नाही, तो म्हणजे पॉवर. पीओईने (पॉवर ओव्हर इथरनेट) एकाच केबलमधून नेट आणि वीज दोन्ही जातं, २००३ च्या स्टँडर्डने १५.४ वॅट, २००९ च्या सुधारणेने ३० वॅट, कॅमेऱ्याला पुरून उरते. काचेतून वीज जात नाही म्हणून त्या टोकाला सॉकेट लागतो, आणि लाइट गेली की तिकडचं नेट पण गेलं, तेव्हा तिकडे एक छोटा राउटरचा यूपीएस ठेवाच.

फायबर घेताना सिंगल मोड (प्रकाशाला एकच वाट देणारी बारीक गाभ्याची जात) घ्या. तिचा गाभा ९ मायक्रॉन, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. दोन कोरची ड्रॉप केबल (घरापर्यंत आणायची बारीक फायबर केबल, आत काचेच्या दोन तारा) मीटरला चांगल्या कॅट-६ पेक्षा स्वस्तच पडते, खर्च होतो तो टोकं जोडायला. स्वतः कनेक्टर बसवायच्या भानगडीत पडू नका. एकतर टोकं बसवलेली तयार केबल मागवा नाहीतर स्प्लायसिंग मशीनवाल्याला (काच वितळवून टोकं जोडणाऱ्याला) अर्ध्या तासासाठी बोलवा. काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करा, बोटात गेला की दिसत नाही आणि दिवसभर टोचतो.

दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल प्रकाशात आणि उलट बदलणारा डबा) लागतो, जोडीने मिळतो, एक ए आणि एक बी. ए १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, बी उलटं. दोन ए आणलेत तर दोघंही बोलत बसतील, ऐकणार कोणीच नाही. गिगाबिटचा बघून घ्या, स्वस्तातला १०० चा असतो. कनेक्टरचा रंगही बघा. कंपनीच्या मोडेमला हिरवा असतो, त्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं, आणि कन्व्हर्टरला बहुतेक निळा, सरळ घासलेला. हिरवा निळ्यात घुसतो, पण घुसवायचा नाही, मध्ये फट राहते आणि सिग्नल मरतो. टोकाला बोट लावू नका, आणि डोळा तर अजिबात लावू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला लागतो. चेक करायचं तर लाल लेझरवाला पेन एका टोकाला लावा आणि दुसरं टोक कागदासमोर धरा, लाल ठिपका आला की वाट मोकळी.

ड्रॉप केबलमध्ये बरेचदा एक स्टीलची तार असते, ताण घ्यायला. ती थेट घरात नेलीत तर विजेसाठी तुम्ही परत तांब्यासारखाच रस्ता करून दिलात. ती बाहेरच्या हुकावर गुंडाळून तिथेच कापा, आत फक्त काच. किंवा स्टीलच्या जागी एफआरपीची (फायबरग्लासची) दांडी असलेली केबल मागा. विजेच्या खांबाला काहीच बांधू नका, कितीही सोयीचा वाटला तरी.

मी शेवटी पाइप पुरला. जांभा मे महिन्यात नुसता दगड असतो, चवथ (गणेशचतुर्थी) उलटली की माती मऊ असते, तेव्हा दीड फूट चर मारून एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप टाकला, कारण उंदीर तांबं आणि काच असा भेदभाव करत नाहीत. पाइपात केबलबरोबर एक नायलॉनची दोरी जास्तीची ओढून ठेवा, पुढे कामाला येते. वळणं हळू, आणि उरलेल्या केबलचं वेटोळं नारळाच्या करवंटीपेक्षा लहान नको. भिंतीतून आत घेताना भोकाच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल, नाहीतर ते केबल धरून सरळ कन्व्हर्टरच्या डोक्यावर. कन्व्हर्टर झाकणाच्या पेटीत ठेवा आणि पेटीची भोकं बुजवा, पहिल्या पावसात माझ्या पेटीत मुंग्यांनी अंडी घातली होती.

पाइप कुठून गेलाय त्याचा नकाशा मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवलाय, कुठल्या पोफळीपासून किती हात ते लिहून. गेल्या महिन्यात गडी नवीन माड लावायला पिकास घेऊन आला तेव्हा आधी तो नकाशा बघून आला, आणि तरीही खड्डा पाइपापासून एका हातावरच मारला.