स्क्रूचं डोकं गोल झालं की काय करायचं, आणि त्याआधी काय करायचं नाही

मागच्या पावसाळ्याच्या आधी बाइकचं ब्रेक ऑइल बदलायला बसलो होतो, अर्ध्या तासाचं काम. हँडलवर जी ब्रेक ऑइलची डबी असते तिच्या झाकणाला दोनच स्क्रू, पहिला गपगुमान निघाला, दुसऱ्याने कच्च केलं आणि स्क्रूड्रायव्हर वर उडाला. तिथेच थांबायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर दात-ओठ खात अजून चारदा फिरवला आणि डोक्यावरच्या फुलीच्या जागी मस्त गुळगुळीत वाटी करून ठेवली. रविवार गेला.

तर पहिली आणि खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, ड्रायव्हर एकदा घसरला की हात थांबवा. एकदा घसरलेला स्क्रू दहा मिनिटांत निघतो, पाचदा घसरलेल्याला ड्रिल लागतं.

आता हे असं का होतं? स्क्रू लोखंडी आणि ज्यात बसलाय ती बॉडी ॲल्युमिनियमची. मध्ये पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती आट्यांमध्ये फुगून गच्च बसते. कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे हे अजून पटकन होतं, रत्नागिरी-मालवणकडच्या कुठल्याही पाच-सात वर्षं जुन्या गाडीचे स्क्रू बघा. त्यात आधी कोणीतरी जीव खाऊन आवळलेला असतो. त्या डबीचा स्क्रू बहुतेक गाड्यांत ४ एमएमचा असतो, त्याला दीड न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (आवळायचा पीळ) पुरतो, म्हणजे दोन बोटांनी आवळायची गोष्ट आहे राव, मनगट वापरायचंच नाही.

दुसरं कारण कोणी सांगत नाही. आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो त्यात दोन जाती आहेत, एक फिलिप्स आणि एक जपानी मानकाचा जेआयएस. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची मुळं जपानी, आरएक्स १०० घ्या, जुनी स्प्लेंडर घ्या, स्क्रू पण तिकडचेच. डोक्यावर फुलीच्या बाजूला एक बारीक टिंब दिसलं तर तो जेआयएस. दिसायला दोन्ही सारखेच पण साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, टोक आधी टेकतं आणि पाती अधांतरी राहतात, मग जोर लावला की वर चढतो आणि कडा खातो. उपाय म्हणजे व्हेसेल वगैरे जपानी कंपनीचा ड्रायव्हर घ्यायचा, ऑनलाइन मिळतो, नाहीतर जुन्या ड्रायव्हरचं टोक ग्राइंडरवर जरासं, अगदी अर्धा एमएम, घासून बोथट करायचं. आणि साइज बघा. ४ आणि ५ एमएमच्या स्क्रूला २ नंबरचा ड्रायव्हर लागतो पण इंजिनच्या साइड कव्हरचे स्क्रू ६ एमएमचे असतात, त्यांना ३ नंबर. घरात सगळ्यांकडे २ नंबरच असतो आणि तोच सगळीकडे घुसवतात. निम्मे स्क्रू तिथेच मरतात.

बरं, आता काढायचं कसं. आधी फुलीतला मळ आणि रंग पिनेने टोकरून साफ करा, ड्रायव्हर तळाला बसला पाहिजे. मग ड्रायव्हर सरळ उभा धरून त्याच्या मुठीवर हातोडीने टक टक टक असे आठ-दहा ठोके द्या, म्हणजे आट्यांमधली भुकटी तुटते. ब्रेकच्या डबीवर ठोकताना खालून हाताचा आधार द्या आणि हलकेच ठोका, डबीला काचेची खिडकी असते. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवून बघा, हे उलटं वाटतं पण चिकटलेलं सुटायला मदत होते, आणि मग उलटं फिरवा. जोर सगळा फिरवण्यात घालू नका. बारा आणे दाबायला, चार आणे फिरवायला.

ऑइल मारायचं का? इंजिन कव्हर, नंबर प्लेट, फूटरेस्ट इथे बिनधास्त मारा आणि रात्रभर सोडा. डब्ल्यूडी-४० चालतं, पण खास गंजावरचं पेनेट्रेटिंग ऑइल मिळालं तर ते जास्त चांगलं. ब्रेकच्या डबीवर मात्र स्प्रे मारू नका, तसलं तेल ब्रेक ऑइलमध्ये गेलं तर आतले रबरी सील फुगतात आणि मग स्क्रूपेक्षा मोठं काम निघतं. आणि काम चालू असताना टाकीवर ओलं फडकं टाका, ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं पुसू नका.

डोकं थोडंच खाल्लंय, तर व्हॉल्व घासायची ग्राइंडिंग पेस्ट असते ना, ती चिमूटभर फुलीत भरा. रेतीसारखी असते, ड्रायव्हर धरून ठेवते. पेस्टची एक डबी वर्षानुवर्षं पुरते. रबर बँड ठेवून फिरवायची ट्रिक व्हिडिओत भारी दिसते, पण गाडीच्या स्क्रूवर माझ्या हातून एकदाही चालली नाही, रबर बँडचा भुगा तेवढा फुलीत अडकला.

इंजिन कव्हरसाठी हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्याच. हातोडीने ठोकला की तो स्वतः थोडा फिरतो, म्हणजे दाब आणि पीळ एकाच क्षणी मिळतो. वापरायच्या आधी तो उलट्या दिशेला सेट आहे ना ते बघा, मी एकदा चांगले सहा दणके देऊन स्क्रू अजून आवळलाय, शेजारचे काका बघत उभे होते. हाताने सुटायच्या दिशेला ताणून धरायचा आणि जड हातोडीचा एकच खणखणीत ठोका, टुकूटुकू नको. तरी नाही सुटला तर कव्हरवर किटलीभर उकळतं पाणी ओता, ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड ढिली होते. हीट गन असेल तर उत्तम. उघडी ज्योत पेट्रोल टाकी आणि कार्ब्युरेटरजवळ नको म्हणजे नको.

ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी भोक असलेला) गोल झाला तर त्याची रीत वेगळी, त्यात एक साइज मोठी वाटणारी टॉर्क्स बिट, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारखी, ठोकून बसवायची. ५ च्या ॲलनला टी ३०, ४ च्या ॲलनला टी २५. ठोकताना नवीन कडा पडतात आणि बोल्ट निघतो. बिट मग बोल्टमधून काढायला वेळ लागतो ते सोडा.

यातलं काहीच चाललं नाही तर ड्रिल. मी त्या डबीच्या स्क्रूला शेवटी हेच केलं. लोकांना वाटतं अख्खा स्क्रू पोखरायचाय, तसं नाही, फक्त डोकं उडवायचं. मध्यभागी सेंटर पंचने खूण केली, आधी अडीचची बिट, मग ४ ची, हळू स्पीडने, सरळ. एका क्षणी डोकं बिटबरोबर गरगर फिरायला लागतं, तिथे थांबायचं, अजून आत गेलात तर आटे जातात. भुसा ब्रशने झाडला, मगच झाकण उचललं, कारण एक कण जरी ऑइलमध्ये पडला तर सगळं ऑइल काढून धुवा. झाकण निघाल्यावर स्क्रूचा दांडा बोटभर नाही पण पकडीत येईल एवढा वर राहिला होता. पकडीने धरला आणि च्यायला, लोण्यासारखा फिरला! आटे कधी अडकलेच नव्हते, बशीसारखं डोकं झाकणात रुतलं होतं फक्त.

दांडा पृष्ठभागाच्या आत तुटला तर मात्र जपून. इझी आउट नावाचं उलट्या आट्यांचं हत्यार मिळतं पण ते कडक आणि ठिसूळ असतं, आत तुटलं तर साधी ड्रिल बिट त्यावर चालत नाही. मग भोसरी-चिंचवडकडे टूलरूममध्ये स्पार्क इरोजनवाला, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू पोखरणारा, शोधत फिरा. त्यापेक्षा आधीच पार्ट खोलून लेथवाल्याकडे न्या, तो नट वेल्ड करून काढून देतो. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या वायरी आधी काढा, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडायची भीती असते. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवीन आट्यांची तारेची स्प्रिंग, बसवून घ्या, मोठा बोल्ट ठोकून आवळू नका.

परत लावताना जुना खाल्लेला स्क्रू लावू नका, हात जोडतो. नवीन घ्या, आट्यांना कॉपर ग्रीसचा नुसता हात लावा आणि ग्रीस आहे म्हणून जरा कमीच आवळा. डिस्क प्लेटच्या बोल्टला मात्र ग्रीस अजिबात नाही, तिथे थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. डबीचे ते स्क्रू पार्टच्या दुकानात सुटे मिळतात, मी दोन लावले आणि दोन टूलकिटमध्ये टाकून ठेवलेत.