‘व्हीजीए=७९१ इज डेप्रिकेटेड’ : लिनक्स सुरू होताना दिसणारा इशारा कसा घालवावा

शेजारच्या काकांनी परवा मोबाइलवरचा एक फोटो पुढे केला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ‘व्हीजीए=७९१ इज डेप्रिकेटेड’ आणि पुढे ‘सेट जीएफएक्सपेलोड’ वगैरे. “व्हायरस शिरला का रे?” व्हायरस कुठला! त्यांचं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) रोजच्यासारखं सुरू होत होतं. डेप्रिकेटेड म्हणजे बंद पडलेलं नव्हे. ‘अजून चालवून घेतोय, पण फार दिवस यावर विसंबू नका’ एवढंच त्यातून सांगायचं असतं. तरी रोज सकाळी ती ओळ डोळ्यांत खुपते, आणि घालवायला दहा मिनिटं पुरतात.

आधी एक खुलासा. इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, पण टाइप मात्र रोमन अक्षरांतच करायच्या.

पहिलं काम, हे बोलतंय कोण ते ओळखणं. संगणक सुरू होताच, उबुंटूचा लोगो यायच्या आधी ओळ चमकून गेली तर ती ग्रबची, म्हणजे लिनक्सला जागं करणाऱ्या बूटलोडर प्रोग्रामची. ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) या आज्ञेच्या लांबलचक मजकुरात सापडली तर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची. आणि अपडेट चालू असताना टर्मिनलवर दिसली तर ती ग्रबची सेटिंग फाइल वाचणाऱ्या स्क्रिप्टची. ओळ पटकन नाहीशी होते, म्हणून काकांसारखा फोटो काढण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि थांबवून वाचा.

७९१ हा आकडा आला कुठून? पूर्वी स्क्रीनचा आकार आकड्याने सांगावा लागे. १०२४ बाय ७६८, १६ बिट रंग, यासाठी व्हेसा या स्क्रीनच्या मानकातला क्रमांक हेक्सामध्ये (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) ११७. लिनक्स त्यात हेक्सामधलेच २०० मिळवतं, होतात ३१७, आणि ते दशमान पद्धतीत ७९१. त्याच हिशेबाने ७८८ म्हणजे ८०० बाय ६००. हे सगळं जुन्या बायोसच्या, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी जाग्या होणाऱ्या प्रोग्रामच्या, भरवशावर चालायचं. उबुंटूने २००९ च्या ९.१० आवृत्तीपासून ग्रब २ घेतलं. ते स्क्रीनचा आकार स्वतःच ठरवून कर्नलच्या हाती देतं. पुढे ग्राफिक्स ड्रायव्हरही कर्नलमध्ये बसून तेच काम करू लागले. त्यामुळे बहुतेक यंत्रांवर हा पर्याय नुसता खोडला तरी भागतं, त्याच्या जागी काही लिहावं लागत नाही.

पण लगेच फाइल उघडू नका. आधी तात्पुरतं करून बघा. संगणक सुरू होताना जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयचं (बायोसच्या जागी आलेलं नवं) असेल तर एस्केप एकदाच टिचका (सारखं दाबत राहिलात तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येतो). मेनू आला की पहिल्या नोंदीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातलं ‘व्हीजीए=७९१’ तेवढं खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल याच एका वेळेपुरता असतो. इशारा गेला, स्क्रीन ठीक दिसली, तर पुढे जायचं. काही बिनसलं तर रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत.

आता कायमचं. टर्मिनल उघडा आणि आधी प्रत काढा: ‘सुडो सीपी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.बॅक’. मग ‘सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’. आत अशी ओळ दिसेल:

ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट="क्वाएट स्प्लॅश व्हीजीए=७९१"

शेवटचा शब्द काढा, पण अवतरणचिन्ह राहू द्या. घाईत माझ्याकडून एकदा तेही खोडलं गेलं आणि पुढच्या आज्ञेला ‘अनटर्मिनेटेड कोटेड स्ट्रिंग’ असं उत्तर मिळालं. त्या एका टिंबाएवढ्या चिन्हासाठी मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स करून बाहेर या आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ही पायरी विसरलात तर फाइलमधल्या बदलाचा पत्ता ग्रबला लागतच नाही.

‘/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ ही फाइल थेट बदलायचा मोह मात्र टाळा. ती आपोआप तयार होते. कर्नलचा पुढचा अपडेट आला की तुमची मेहनत पुसली जाणार.

रीस्टार्टनंतर ‘कॅट /प्रोक/सीएमडीलाइन’ करून पाहा. त्यात व्हीजीए अजून दिसतंय? मग ते ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी’ या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलमध्ये दडलेलं असणार, तिथेही बघा. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर ‘अपडेट-ग्रब’ नसतं. तिथे हे काम ‘ग्रबी’ नावाची आज्ञा करते.

असाच दुसरा इशारा ग्रबचा मेनू लपवणाऱ्या ‘ग्रब_हिडन_टाइमआउट’चा. उबुंटू १४.०४ आणि १६.०४ मध्ये ही ओळ मुळातच असायची. आवृत्ती वाढवताना ‘जुनी फाइल ठेवायची का?’ असं विचारलं जातं, आपण एंटर मारतो आणि ती ओळ वर्षानुवर्षं सोबत येत राहते. तिच्यापुढे आणि तिच्या ‘क्वाएट’वाल्या जोडीदारापुढे # टाका. त्याऐवजी ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=हिडन’ (GRUB_TIMEOUT_STYLE=hidden) लिहा, मेनू दिसायला हवा असेल तर ‘मेनू’. मग पुन्हा अपडेट-ग्रब.

कर्नलचा इशारा ‘एलिव्हेटर=’बद्दल (डिस्कवरच्या कामांचा क्रम ठरवणारा जुना पर्याय) असेल तर खोडण्याखेरीज काहीच करायचं नाही. नव्या कर्नलमध्ये त्या शब्दाचा काही परिणामच होत नाही.

एक इशारा मात्र नीट वाचून मग ठरवा. ‘ओएस-प्रोबर विल नॉट बी एक्झिक्यूटेड’ (म्हणजे विंडोजसारख्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम चालवला जाणार नाही) हा अपडेट-ग्रब चालवताना दिसतो, विशेषतः ग्रब २.०६ आलेल्या उबुंटू २२.०४ पासून. संगणकावर एकटं लिनक्स असेल तर खुशाल सोडून द्या. शेजारी विंडोज असेल आणि ती मेनूतून गायब झाली असेल, तर त्याच फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ (GRUB_DISABLE_OS_PROBER=false) लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा. काकांच्या यंत्रावर विंडोज नव्हतीच, म्हणून मी ती ओळ तशीच ठेवली. त्यांना फक्त सांगून ठेवलं की ही दिसली तर फोटो काढू नका.