इमर्जन्सी बॅग: अंधारात सापडली पाहिजे आणि उचलता पण आली पाहिजे

पूर, भूकंप, वादळ काहीही असो, बॅग भरायला घेतली की पहिला हिशोब पाण्याचा करा कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. माणशी रोज साधारण ४ लिटर धरायचं, म्हणजे चौघांना ३ दिवसांसाठी ४८ लिटर, म्हणजे तब्बल ४८ किलो, आणि एवढं वजन घेऊन कोण जिना उतरणार? म्हणून साठे दोन करायचे. घरात थांबायची वेळ आली तर लागणारं पाणी आणि खाणं एका जागी, आणि घर सोडावं लागलं तर पटकन उचलायची बॅग वेगळी. बॅगेत माणशी एकदोन बाटल्या पुरे. बाहेर मिळेल ते पाणी प्यायची वेळ आलीच तर आधी स्वच्छ फडक्याने गाळून घ्या आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान १ मिनिट उकळू द्या, उंच डोंगराळ भागात असाल तर ३ मिनिटं.

खाणं असं घ्या जे शिजवावं लागत नाही आणि घरातले एरवी आवडीने खातात, डबाबंद असेल तर ओपनर विसरू नका.

आता औषधं, इथे मात्र अजिबात कंजूषपणा नको. बीपी, शुगर, दमा, ज्याची जी रोजची गोळी असेल ती निदान आठवडाभराची, सोबत औषधाचं नाव आणि डोस कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून, कारण कॅम्पमधल्या डॉक्टरला "ती पांढरी छोटी गोळी" सांगून काहीच कळणार नाही. जुना चष्मा टाकून देऊ नका, बॅगेत ठेवा. घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर त्यांची यादी आधी करा, आपली नंतर.

टॉर्चचा अनुभव सांगते. आमचा टॉर्च सेल घालूनच ठेवला होता, वर्षभराने उघडला तर सेल फुटून आत पांढरी भुकटी, स्प्रिंग गंजलेली, बटण दाबून काही उपयोग नाही. तेव्हापासून सेल वेगळ्या पिशवीत, टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवते. पॉवर बँक पण नुसती पडून उतरते, अधूनमधून चार्ज करत जा. आणि एक शिट्टी घ्याच, ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टीला तेवढा दम लागत नाही.

कागदपत्रांच्या झेरॉक्स झिपलॉक पिशवीत, सोबत थोडी रोख, तीही सुट्ट्या नोटांत, कारण लाइट आणि नेटवर्क गेलं की कार्ड चालत नाही. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहा, त्यात दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकाचा हवाच, गर्दीमुळे कॉल लागत नाही तेव्हा कधीकधी मेसेज जातो आणि सगळ्यांनी त्या एकालाच "मी ठीक आहे" कळवलं की शोधाशोध वाचते.

बॅग माळ्यावर नको, दाराजवळ ठेवा. एका रात्री सगळे लाइट बंद करून मुलांना आणायला सांगा, सापडते का आणि उचलते का ते तिथल्या तिथे कळेल. दर ६ महिन्यांनी उघडून एक्स्पायरी बघायची आणि मुलांचे कपडे-बूट काढून मापाचे ठेवायचे, मागच्या वेळी आमच्या बॅगेतले बूट धाकटीला दोन नंबर लहान निघाले.