मलिद्याची तयारी, आदल्या आठवड्यापासून

लग्न ठरू दे, नवस फिटू दे, नवीन घर होऊ दे नाहीतर तू बिश्वात हा झाडांचा सण येऊ दे, आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरात पहिला विषय मलिद्याचाच निघतो, एलियाहू हनाबी या पैगंबराच्या नावाने गोड पोहे आणि फळं मांडून करायच्या प्रार्थनेचा. पण आता मुलं कोणी ठाण्यात, कोणी इस्राएलमध्ये लोदला, कोणी दिमोनाला, आणि आजीला फोन केला तर ती म्हणते "अंदाजाने घे", म्हणून नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हज्जानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन करा, त्यांची वेळ मिळाली की मगच बाकीच्यांना सांगा. दहा पुरुष जमले तर मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी संख्या, होतो, तेव्हा काका-मामांना आधीच पक्कं विचारून ठेवा, आणि टोप्या थोड्या जास्तीच्या काढून ठेवा, कोणीतरी विसरतंच.

मग सामान. जाडेच पोहे आणा, पातळ पोह्यांचा लगदा होतो. एक किलोला दोन मोठे नारळ, अर्धा किलो साखर, वेलची, बदाम, पिस्ते, बेदाणे. जेवायला मटण किंवा चिकन असेल तर सुकामेवा तुपात अजिबात परतायचा नाही, दूध आणि मांस एकत्र नको, हे सुनेला आणि मदतीला येणाऱ्या ताईंना दोघींनाही आधीच सांगा, ऐनवेळी कढईत तूप पडलेलं मी पाहिलंय. काळे मनुके आदल्या रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळलं की किद्दूशचं, म्हणजे द्राक्षरसावरच्या आशीर्वादाचं, सरबत तयार.

मलिदा शनिवारी रात्री ठेवला असेल तर खोबरं शुक्रवारी दुपारीच खवून फ्रिजमध्ये टाका, दिवेलागणीनंतर शाब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सुटेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणायचे ते याचसाठी, शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, आपण तर नुसतं खोबरं खवतोय.

पोहे मात्र लवकर भिजवू नका. पाहुणे यायच्या तासभर आधी चाळणीत घेऊन पाण्याखाली धरायचे, हलक्या हाताने वरखाली करायचे आणि झाकून ठेवायचे, दाणा बोटात दाबला की मऊ लागला पाहिजे पण अख्खा राहिला पाहिजे. मग साखर, खोबरं, वेलची. आईची पितळी परात मी अजून यासाठीच ठेवलीय, त्यात पोह्यांचा ढीग करायचा आणि भोवती फळं मांडायची, किमान पाच, खजूर, सफरचंद, संत्रं, चिकू, केळी. केळी वेगळी दिसतील अशी ठेवा कारण तिची बराखा (खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद) वेगळी, बाकीची झाडाची फळं आणि केळं जमिनीचं, लहान मुलांना हे सांगितलं की ती बरोबर लक्ष ठेवून बसतात. वासाच्या बराखेसाठी सब्जाच्या काड्या किंवा गुलाब, सब्जा मिळाला तर सब्जाच, त्या वासाशिवाय मला तरी मलिदा वाटत नाही.

एलियाहू हनाबीचं गाणं सगळ्यांना पाठ नसतं, मराठी अक्षरात चार-पाच प्रती काढा, मोठ्या टाइपात, म्हाताऱ्यांसाठी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असं आपण मानतो, लहानांना गाण्याआधी ते सांगा म्हणजे ती मनापासून म्हणतील.

शेवटी डबे. जे आजारी आहेत, जे येऊ शकले नाहीत आणि शेजारची घरं, यांची नावं आधीच कागदावर लिहा आणि त्यांचा वाटा जेवणं सुरू व्हायच्या आधी काढून बाजूला ठेवा, नंतर परातीत काही उरत नाही.