ठाण्याहून यामागाला: कागदी दिव्यांचे संग्रहालय कसे पाहावे

जपानच्या क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, यामागा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे जुने गाव आहे. 'यामागा तोरो' या कागदी दिव्यांचे संग्रहालय तेथे १९२५ साली बँकेसाठी बांधलेल्या इमारतीत आहे.

निघण्यापूर्वीची खरी तयारी ठाण्यातच होते. जांभळी नाक्यावरून आणलेला किंवा माळ्यावर पडून असलेला कागदी आकाशकंदील सोडवून पाहावा. बांबूच्या कामट्या, त्यांना बांधलेला दोरा, कडा दुमडून खळीने चिकटवलेला कागद हे सारे नीट पाहिले, की यामागात काय शोधायचे ते कळते. कारण तेथील दिव्यात कामटी नाही, तार नाही, खिळा नाही. हाताने बनवलेला 'वाशी' हा जपानी कागद आणि खळ एवढ्यावरच संपूर्ण रचना उभी असते, आणि खांबसुद्धा आतून पोकळ असतात.

प्रवासात वाटेत विमान बदलून फुकुओका गाठावे, तेथील हाकाता स्थानकातून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने कुमामोतोला जावे आणि पुढे बस घ्यावी. यामागाला रेल्वे नाही, म्हणून परतीच्या बसची वेळ उतरताच टिपून ठेवावी.

यामागाच्या दिव्यांच्या उत्सवात स्त्रिया जो सोनेरी दिवा डोक्यावर घेऊन नाचतात, त्याच्याकडे बहुतेकांची पावले प्रथम वळतात. तो सुंदर आहेच, पण माझ्या मते अधिक वेळ मंदिरे, किल्ले आणि वाडे यांच्या कागदी प्रतिकृतींना द्यावा. छपराच्या वळणाशी डोळे नेऊन सांधा पाहावा: तेथे खळ लावण्यासाठी दुमडलेली पट्टी सापडत नाही, कागदाच्या जाडीएवढ्या दोन कडा एकमेकींना भिडवून चिकटवलेल्या असतात. प्रतिकृतीची उंची मूळ वास्तूशी प्रमाणात जुळली नाही, तर ती चूक समजू नये. समोरून पाहणाऱ्याला वास्तू भव्य वाटावी म्हणून कारागीर प्रमाण मुद्दाम बदलतात. कोणी कारागीर कामाला बसलेला असेल, तर पुढची दालने थोडी थांबू द्यावीत. छायाचित्र मात्र विचारूनच घ्यावे.

त्याच दिवशी ओमिया देवस्थान आणि १९१० साली उभारलेले याचियो-झा हे लाकडी नाट्यगृह पाहून होते. उत्सवात अर्पण केलेले दिवे देवस्थानात मांडलेले असतात, तेव्हा संग्रहालयात शिकलेली नजर तेथे पुन्हा वापरता येते.

उत्सव १५ आणि १६ ऑगस्टला असतो. आपल्याकडे १५ तारखेची सुट्टी असल्याने बेत सोयीचा वाटतो, परंतु जपानमध्येही ते पितरांच्या ओबोन सणाचे दिवस असल्यामुळे गाड्या आणि खोल्या भरलेल्या असतात. निवांतपणे सांधे न्याहाळायचे असतील, तर दुसरा महिना निवडावा. छोटा दिवा विकत घेतलाच, तर तो कडक खोक्यात ठेवून विमानात हातातल्या सामानात आणावा; बॅगेत कपड्यांखाली तो टिकत नाही.