खेळणाऱ्या मुलांची जुनी पोस्टकार्डे कशी पारखावीत आणि जपावीत

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या जुन्या कागदांच्या ढिगातून खेळणाऱ्या मुलांचे एखादे पोस्टकार्ड हाती आले, तर चित्रात रमण्याआधी ते उलटून पाहावे, कारण कार्डाचे वय बहुधा मागच्या बाजूला कळते. तिथे मधली उभी रेघ नसेल आणि सारी जागा पत्त्यासाठीच राखलेली असेल, तर ते साधारण विसाव्या शतकाच्या आरंभीचे किंवा त्याआधीचे समजावे. पत्त्याशेजारी मजकूर लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली आणि अमेरिकेत १९०७ साली मिळाली, आणि त्यासाठीच ती रेघ आली. तिकीट व टपालाचा शिक्का मात्र कार्ड कधी धाडले तेवढेच सांगतात, छपाई त्याआधीची असू शकते.

मग चित्र भिंगाखाली धरावे. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात, आजच्या ऑफसेट नकलेत ठिपक्यांची नेमकी नक्षी दिसते. अंधारात अतिनील टॉर्च टाकल्यावर कागद निळसर पांढरा चमकला, तर तो बहुतेक १९५० नंतरचा असतो. कोपऱ्यात सहीही शोधावी, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली होती.

यानंतर मुलांचे पाय पाहावेत, आणि मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. गोट्या खेळणाऱ्या मुलाच्या पायाचा अंगठा वाकलेला असेल, टाच उचललेली असेल, तर चित्रकाराने खेळ खरोखर पाहिला आहे. दोन्ही तळवे सपाट टेकवून, हातात भोवरा धरून समोर बघणारे मूल स्टुडिओत उभे केलेले असते. छायाचित्राच्या कार्डावरील फ्रॉकच्या रंगावरही विसंबू नये, कारण काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर रंग पुष्कळदा छापखान्यात चढत असत.

जपणुकीत मुंबईची दमट हवा हाच मोठा शत्रू आहे. कार्ड वहीत डिंकाने चिकटवू नये आणि पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये; पॉलिस्टरचे पाकीट व आम्लविरहित पुठ्ठ्याचा डबा घ्यावा. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून कसर किंवा बुरशी लागली आहे का ते पाहावे. बुरशी दिसल्यास ते कार्ड लगेच वेगळे काढून सावलीत, कोरड्या हवेत सुकू द्यावे आणि पूर्ण सुकल्यावरच मऊ कुंचल्याने हलकेच झटकावे. ओल्या फडक्याने पुसल्यास रंगही निघून येतो.